शंखवासी भूचर खेकडा

क्रस्टेशियांच्या दशपाद गणातील सीनोबिटिडी कुलाच्या सीनोबिटा वंशातील प्राणी. ह्या वंशाच्या सु. १७ जाती असून त्या उष्ण कटिबंधातील समुद्रकिनाऱ्यांवर आढळतात. घरी काचेच्या पात्रात पाळण्यासाठी सर्वाधिक विकली जाणारी जाती सीनोबिटा क्लिपिएटस ही फ्लॉरिडा व कॅरिबियन बेटांतील आहे. भारतात ह्या वंशाच्या काही जाती लक्षद्वीप आणि अंदमान व निकोबार बेटांवर सापडतात. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत दिसणारे शंखवासी खेकडे मात्र समुद्रनिवासी असून ते कोरड्या पात्रात जगू शकत नाहीत.

नावात खेकडा असला, तरी हा खरा खेकडा नव्हे. खऱ्या खेकड्याचे उदर लहान व चपटे असून छातीखाली दुमडलेले असते. ह्याचे उदर मऊ, लांबट व पीळदार असते आणि त्याच्या रक्षणासाठी मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख वापरावे लागतात. डावी नांगी मोठी असते व प्राणी आत शिरल्यावर तिने शंखाचे तोंड बंद होते. शरीर वाढले, की मोठा शंख शोधणे भाग पडते. असे शंख नेहमीच दुर्मिळ असल्यामुळे त्यांसाठी झुंजी होतात. आपल्या जातीच्या मृत प्राण्याचा वासही इतरांना रिकाम्या शंखाच्या आशेने तेथे खेचून आणतो. बर्म्यूडात मोठ्या शंखाची एक गोगलगाय स्थानिक रीत्या नष्ट झाल्यावर तेथील खेकडे तिच्या जीवाश्मरूप शंखांत राहू लागले होते.

पालनाच्या दृष्टीने श्वसनक्रिया सर्वांत महत्त्वाची होय. हा प्राणी जमिनीवर राहत असला, तरी त्याचे श्वसन ऱ्हास पावलेले क्लोम (कल्ले) आणि क्लोमकोष्ठाचे रक्तवाहिनीयुक्त अस्तर यांच्याद्वारे होते व हे पृष्ठभाग सतत ओलसर राहावे लागतात. हवा कोरडी पडल्यास तो हळूहळू गुदमरतो. ह्या मरणाला कित्येक आठवडे लागत असल्याने पाळणाऱ्यास त्याचे कारण उमगत नाही. दुकानांतून मिळणारे तारेचे पिंजरे ह्यामुळेच सर्वस्वी निरुपयोगी ठरतात. काचेच्या पात्रावर घट्ट बसणारे झाकण ठेवून आतील सापेक्ष आर्द्रता सु. ८० टक्के व तापमान २४° ते २९° से. राखतात. पात्रात गोड्या व खाऱ्या पाण्याची दोन स्वतंत्र भांडी असावीत, कारण शंखात साठविलेल्या पाण्याची क्षारता हा प्राणी दोन्ही पाणी वापरून स्वतः जुळवितो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे लागते. खारे पाणी सागरी जलजीवपात्रासाठी मिळणाऱ्या मिठाचे करावे, स्वयंपाकाच्या मिठाचे चालत नाही. भांड्यांतून प्राण्यास सहज बाहेर पडता यावे म्हणून त्यांत दगड ठेवतात.

तळाशी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा यांच्या ओलसर मिश्रणाचा थर निदान १५ सेंमी. जाडीचा असावा, मोठ्या प्राण्यांस तो अधिक लागतो. त्याची आवश्यकता कात टाकण्यासाठी असते. त्या वेळी खेकडा वाळूत खोल बीळ करून कित्येक आठवडे, मोठा असल्यास काही महिने, पुरून राहतो. जुने कवच खाऊन त्यातील कॅल्शियम पुन्हा मिळवितो. वर न दिसणारा खेकडा मेला असे समजून त्याला उकरून काढणे, हे पाळीव खेकड्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. ह्या अवस्थेत त्याचे अंग मऊ असते व सोबतचे खेकडे त्यास खाऊही शकतात. थर उथळ वा कोरडा असल्यास कात टाकणे लांबते किंवा अर्धवट राहते.

आहारात पडलेली पाने, कुजके लाकूड, फळे, मासळी व समुद्रफेस यांचा समावेश करतात. निरनिराळ्या आकारांचे, गोल तोंडाचे जादा शंख पात्रात ठेवणे आवश्यक आहे. रंगविलेले शंख टाळावेत. त्यांचा रंग खरवडला जाऊन पोटात जातो. खेकडे निशाचर असून समूहात राहतात, त्यामुळे एकटा खेकडा पाळणे योग्य नाही.

अनुकूल परिस्थितीत हे खेकडे दशकांपर्यंत जगतात. घरांतून मात्र बहुतेक काही महिन्यांतच मरतात. मादी अंडी शंखात बाळगते आणि ती समुद्रात सोडते. डिंभ काही आठवडे तरंगत वाढतात व नंतर लहान शंख मिळवून किनाऱ्यावर येतात. हा सागरी टप्पा घरी घडवून आणणे अतिशय अवघड असल्याने, विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून पकडलेला असतो. जपानमध्ये तेथील सीनोबिटा खेकड्यांना १९७० मध्ये ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षण देण्यात आले. ह्याच कुलातील, प्रौढपणी शंख सोडून देणारा नारळखेकडा भारतात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमान्वये संरक्षित असून त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो.