चषक कोणाच्या लक्षात राहतो?

लेखमाला : आठवण कशी टिकते – भाग ७

मागच्या भागात आपण संगीत नाटकांच्या गाजलेल्या प्रयोगांबद्दल बोललो. ज्यांचं ध्वनिमुद्रण झालंच नाही, अशा प्रयोगांच्या हकिगती दोन पिढ्यांनंतरही कशा सांगितल्या जातात, हे त्यात पाहिलं. आज नाट्यगृहातून मैदानावर जाऊ. फुटबॉलच्या जुन्या चषक-स्पर्धांचा विषय निघाला की त्यांचे शौकीन एकदम वेगळ्या सुरात बोलू लागतात. कोणाचा गोल, कितव्या मिनिटाला, पास कोणी दिला, पंचांनी काय घोळ घातला, सगळं तोंडपाठ. पण त्याच तोलाच्या दुसऱ्या एखाद्या सामन्याचं नाव काढलं, तर कोणाला काही आठवत नाही. असं का होतं?

त्र्यंबकेश्वर हे काही फुटबॉलचं गाव नव्हे. तरी या प्रश्नाचं उत्तर शोधायला इथली एक जुनी रीत उपयोगी पडते. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

लीग नव्हे, चषकच का?

लीगमध्ये आज हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. विजेता महिनोन् महिन्यांच्या बेरजेतून ठरतो आणि बेरजेची गोष्ट सांगता येत नाही. चषकात हरला तो घरी गेला. एका संध्याकाळी निकाल लागतो, त्यामुळे प्रत्येक सामन्याला सुरुवात, पेच आणि शेवट असतो. शिवाय बाद पद्धतीत दुबळ्या संघालाही एका दिवसापुरती संधी मिळते. बरोबरी झाली तर पूर्वी सामना पुन्हा खेळवत, म्हणजे एका लढतीच्या दोन-तीन गोष्टी होत. इंग्लंडच्या एफए कपमध्ये मुख्य फेऱ्यांतले हे फेरसामने 2024-25 च्या हंगामापासून बंद झाले, तेव्हा तिथल्या जुन्या प्रेक्षकांनी केवढा गलका केला!

याच एफए कपचा 1953 चा अंतिम सामना पाहा. ब्लॅकपूल 1-3 असा मागे होता आणि शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत त्याने बोल्टनला 4-3 असं हरवलं. ब्लॅकपूलच्या चारपैकी तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे. तरी सामना ओळखला जातो तो ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणून, कारण अडतीस वर्षांचे स्टॅनली मॅथ्यूज आधी दोन वेळा अंतिम सामना हरले होते आणि सगळ्या देशाला त्यांच्या गळ्यात पदक बघायचं होतं. गोलफलक मॉर्टेन्सनच्या बाजूने बोलतो, आठवण मॅथ्यूज यांच्या. सामना कोणाचा म्हणून सांगायचा, हे गोलांच्या संख्येवर ठरत नाही. लोकांना कोणाची गोष्ट हवी आहे, त्यावर ठरतं.

सतरा वर्षांचा प्रेक्षक

‘आमच्या वेळचा खेळच वेगळा’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते, आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. माणसाच्या आयुष्यातल्या ठळक आठवणी वयाच्या साधारण दहा ते तिशीच्या दरम्यान दाटीने सापडतात, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 619 डच लोकांना विचारलं होतं, की सर्व काळातले पाच सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण? क्रायफ, पेले आणि मॅराडोना ही नावं सर्वांत जास्त आली. पण खरी गंमत पुढे आहे. उत्तर देणारा माणूस सतरा वर्षांच्या आसपास असताना जे खेळाडू कारकिर्दीच्या मध्यावर होते, त्यांच्याकडे लोकांचा कल अधिक होता.

आपल्याकडेही हे पडताळून पाहता येईल. 22 जून 1986 ला मेक्सिकोत अर्जेंटिना-इंग्लंड उपांत्यपूर्व सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मॅराडोनाचा तो हाताचा गोल आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकट्याने नेलेला दुसरा, हे दोन्ही आपल्या घड्याळात मध्यरात्र उलटल्यावर झाले. आज पंचावन्न-साठीत असलेल्या मराठी माणसाला फुटबॉलबद्दल विचारा. ज्याच्या घरी किंवा शेजारी दूरदर्शन होतं, तो बहुधा याच रात्रीपासून सुरुवात करील.

पण हे उत्तर अर्धंच आहे. सतरा वर्षांचा प्रेक्षक वयाबरोबर संपतो. 1911 साली जे सतरा वर्षांचे होते त्यांच्यापैकी आज कोणी नाही; तरी त्या वर्षीच्या 29 जुलैला अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकल्याची गोष्ट कोलकात्यातलं शाळकरी पोरही सांगतं. ही आठवण एका माणसाच्या डोक्यात नाही, मग ती राहते कुठे?

रोव्हर्सचे पाच मुकुट

आता मुंबईची गोष्ट. रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला. सुरुवातीची अनेक वर्षं तो गोऱ्या पलटणींच्या मालकीचाच होता. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा हिंदी नागरी संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं. पुढे कूपरेजच्या मैदानावर कोलकात्याचे मातब्बर, हैदराबादचे पोलीस, गोव्याचे क्लब आणि मुंबईच्या कंपन्यांचे संघ उतरत. नोकरी सुटल्यावर फोर्टातल्या कचेऱ्यांमधून थेट कूपरेजला जाणारा एक मोठा प्रेक्षकवर्ग होता.

या स्पर्धेत 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस संघ जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. बाद पद्धतीच्या स्पर्धेत, जिथे एक वाईट दिवस पुरतो, तिथे पाच वर्षांत एकही वाईट दिवस न येणं ही थोर कामगिरी आहे. याच रहीम यांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियावरच्या 4-2 विजयात मुंबईकर नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. 1962 मध्ये जाकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली.

मग 1911 चा एक चषक घरोघरी आणि हैदराबादचे पाच रोव्हर्स अडगळीत, हे कसं? एक कारण उघड आहे. 1911 च्या विजयामागे साहेबाला हरवल्याचा अभिमान होता, तो 1950 मध्ये उरला नव्हता. पण तेवढंच कारण असतं, तर 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असं लोळवल्याची आठवण आज इतकी धारदार राहिली नसती. 1997 च्या फेडरेशन कपचा उपांत्य सामनाही राहिला नसता. त्या दिवशी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये 1,31,781 प्रेक्षक होते, भायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने 4-1 असा सामना मारला. यात साहेब कुठेच नव्हता.

फरक दुसरीकडे आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल आजही खेळतात, आजही एकमेकांना भिडतात. दरवर्षी 29 जुलै ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो. हैदराबाद सिटी पोलिसांचा तो संघ मात्र काळाबरोबर ओसरला आणि रोव्हर्स कप 2000-01 नंतर खेळवलाच गेला नाही. 2024 मध्ये ‘मैदान’ चित्रपट आला आणि रहीम यांचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी झालं. चित्रपट पाहून डोळे ओले झालेला प्रेक्षक बाहेर पडला. पण त्याने आता कोणत्या मैदानावर जायचं, कोणत्या संघाच्या बाजूने ओरडायचं?

त्र्यंबकची वही

आता ती इथली रीत. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. तुम्ही आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यांच्या सहीनिशी दाखवतात. जुनी पानं बरीचशी मोडीत आहेत, ती वाचणारे आता थोडे. तरी वही जिवंत आहे, कारण पणजोबांची सही पाहून झाली की उपाध्याय पुढचं पान उघडतात आणि तुमच्याकडून तुमचं, मुलाबाळांचं नाव लिहून घेतात. ज्या घराण्यातलं कोणी पिढ्यान् पिढ्या आलं नाही, त्यांचं पानही जपलेलं असतं. फक्त ते उघडायचं कारण कोणाला उरत नाही.

माझ्या मते चषकाच्या आठवणींचंही असंच आहे. जुना सामना नुसता थोर होता म्हणून टिकत नाही. त्याच नावाने पुढचा सामना होत राहतो, म्हणून टिकतो. नवीन सामना आला की जुन्याचं पान उलटावं लागतं: ‘मागच्या वेळी हेच दोन संघ आले होते तेव्हा…’ रोव्हर्सच्या वहीत 2001 नंतर नोंद नाही. आता ती विजेत्यांची यादी आहे. सर्वाधिक 14 वेळा जिंकणारा मोहन बागान, त्यानंतर ईस्ट बंगाल वगैरे. यादी पाठ करता येते, पण तिच्यावरून भांडण होत नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचंही तेच झालं. 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा पहिला संघ, आणि 2010 मध्ये तो बंदच झाला. त्याचे चाहते आहेत, पण त्यांना आपली आठवण ताजी करायला सामना नाही.

कोल्हापुरात वही उघडी आहे

महाराष्ट्रात ही वही आजही रोज लिहिली जाते ती कोल्हापुरात. इथे क्लबांची नावंच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. छत्रपती शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांत तालमी फोफावल्या. ज्या तालमीत पहिलवान घडले, जिथे गणपती बसतो, त्याच तालमीने फुटबॉलची टीमही काढली. त्यामुळे इथे टीम निवडावी लागत नाही. ज्या पेठेत जन्म, ती टीम.

पावसाळा सरला की शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषकांच्या स्पर्धा चालतात. दुपारी उन्हातच पायऱ्या भरू लागतात. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ ही ईर्ष्या तर पिढ्यांची. सामना टायब्रेकरवर गेला की बाजूच्या रस्त्यावरची रहदारीही मंदावते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांत कोणी डाव्या बगलेतून चाल रचली, कोणाचा फटका बारला लागला, याचं साग्रसंगीत वर्णन येतं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

इथे जुन्या सामन्याची आठवण नुसती गोड नसते, ती वापरात असते. आज पाटाकडीलने शिवाजीला हरवलं, तर शिवाजी पेठेतला माणूस पंधरा वर्षांपूर्वीचा सामना काढतो. त्याला उत्तर म्हणून समोरचा आणखी मागे जातो. वाद मिटवायला पायरीवरच्या आजोबांना विचारतात, आणि आजोबा सांगतात त्यात त्यांच्या पेठेचा गोल दर वर्षी थोडा आणखी लांबून मारलेला असतो. त्यातला अतिशयोक्तीचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून तो खपतो. पण या भांडणात नातवाला आजोबांच्या काळची सगळी टीम पाठ होते. शाळेत इतिहास असा शिकवता आला असता तर!

याला दुसरी बाजूही आहे. वहीत उपकार लिहिले जातात तशी वैरंही. जुन्या पराभवाचा राग नव्या सामन्यात बाहेर पडतो, प्रेक्षकांत हाणामारी होते, सामने थांबवावे लागतात, पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागतो. आठवण जिवंत ठेवायची तर तिचं हे ओझंही वाहावं लागतं. मेलेल्या स्पर्धेची आठवण निरुपद्रवी असते; कूपरेजच्या जुन्या गप्पांवरून आज कोणी कोणाची कॉलर धरत नाही.

मग जपायचं काय?

जुन्या खेळाबद्दल हळहळणारे बहुधा जुनी छायाचित्रं, कात्रणं, सामन्यांच्या चित्रफिती जमवतात. ते काम मोलाचंच आहे. 1950 च्या दशकातल्या रोव्हर्सच्या कहाण्या सांगू शकणारी पिढी आता फार थोडी उरली आहे, त्यांच्याकडून जे मिळेल ते टिपून ठेवायलाच हवं. पण नुसत्या संग्रहाने आठवण चालती राहत नाही. ड्युरँड कप 1888 चा, रोव्हर्सपेक्षाही जुना. मध्ये त्याचीही पडझड झाली, तरी तो आज खेळवला जातो, म्हणून त्याचे जुने विजेते आजही चर्चेत येतात. कूपरेजवर आता कृत्रिम गवत आहे, दिवे आहेत. तिथे रोव्हर्स पुन्हा भरला तर पहिल्याच वर्षी एखादा समालोचक म्हणेल, की हैदराबादच्या पोलिसांनी हा चषक सलग पाच वेळा नेला होता. एवढं एक वाक्य दर वर्षी उच्चारलं जावं, यासाठीच स्पर्धा चालू ठेवायची.

तुमच्या गावात एखादा चषक बंद पडला असेल, मग तो फुटबॉलचा असो, कबड्डीचा असो किंवा जत्रेतल्या कुस्तीचा, तर त्याच्या शेवटच्या वर्षीच्या विजेत्यांची नावं शोधा आणि पुढच्या हंगामात त्याच नावाने चार संघांची तरी स्पर्धा भरवा. स्मारक बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि जास्त काळ टिकतं.

*पुढच्या आठवड्यात : न पाहिलेला सामना. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनामुळे रेडिओच्या श्रोत्यांना मैदान ‘दिसलं’ कसं, आणि कानांनी पाहिलेलं डोळ्यांपेक्षा पक्कं का राहतं?*