इंजिनात साचणारा गाळ

नीट निगा राखलेले मोटारीचे इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर सहज चालते. तेच इंजिन साठ-सत्तर हजारांवर बसले आणि मेकॅनिकने वरचे टॅपेट कव्हर उघडले, तर कधी कधी आत वाहते तेल दिसतच नाही. कॅमशाफ्टभोवती, स्प्रिंगांच्या खाचांत, तेल खाली उतरण्याच्या भोकांत काळा, दाट, बोटाने खरवडावा लागेल असा लगदा बसलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला स्लज म्हणतात, नाहीतर ‘ऑइलची जेली झाली’ असे सांगतात. हा गाळ बाहेरून आलेला नसतो. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये भरलेल्या तेलाचेच ते रूपांतर असते आणि त्याला बहुधा काही वर्षे लागलेली असतात.

इंजिन ऑइलवर घर्षण कमी करण्याखेरीज आणखी कामे सोपवलेली असतात. पिस्टन आणि बेअरिंगांची उष्णता ते वाहून नेते, ज्वलनातून आलेली आम्ले मारते आणि काजळी स्वतःत धरून ठेवते. केवळ खनिज किंवा सिंथेटिक तेलाला हे जमत नाही, म्हणून त्यात रसायने घातलेली असतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंट आम्लांचा बंदोबस्त करतात. जस्त आणि फॉस्फरसचे संयुग झीज थांबवते व ऑक्सिडीकरणाला अटकाव करते. डिस्पर्संट काजळीच्या व चिकट द्रव्यांच्या सूक्ष्म कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. तेल थोड्याच दिवसांत काळे पडते ते याचमुळे. काळे तेल म्हणजे खराब तेल ही समजूत चुकीची आहे. डिझेल इंजिनात तर नवे तेल काहीशे किलोमीटरांतच काळे होते आणि तसे होणे हे डिस्पर्संट काम करत असल्याचे लक्षण असते. ही रसायने खर्च होत जातात, आणि ती संपली की धरून ठेवलेली घाण सुटते व धातूवर बसू लागते.

तेल बिघडण्याची सुरुवात ज्वलनकक्षात होते. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी प्रत्येक स्फोटागणिक थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, क्रँककेसमध्ये उतरतो. या वायूत नायट्रोजनची ऑक्साइडे, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. पाणी किती, याची कल्पना सहसा नसते: एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण जेवढे खाली उतरते तेवढेही पुरेसे असते. नायट्रोजनची ऑक्साइडे तेलाच्या व इंधनाच्या रेणूंशी संयोग पावतात, त्यातून चिकट पदार्थ बनतात, त्यांच्या साखळ्या लांबत जातात आणि पाणी व काजळी मिळाली की लगदा तयार होतो. दुसरीकडे उष्णता स्वतःच तेलाचे ऑक्सिडीकरण करत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. थोडक्यात, फार गार राहिलेले इंजिनही गाळ करते आणि फार तापलेलेही करते.

गार राहिलेले इंजिन म्हणजे दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला की इंजिन तापले असे चालकाला वाटते, पण तो काटा कूलंटचे तापमान दाखवतो. तेल मागाहून तापते. ते पुरेसे तापले नाही तर त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. शाळा, भाजीबाजार, बँक एवढ्याच फेऱ्या करणारी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते, मालकाला ती ‘फारशी न वापरलेली’ वाटते आणि तेल मात्र हमरस्त्यावर पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते.

क्रँककेसमध्ये उतरलेले वायू बाहेर काढण्यासाठी एक झडप असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह. ती हे वायू पुन्हा इनटेककडे खेचून जाळायला पाठवते. पूर्वी ते नळीवाटे सरळ हवेत सोडले जात. प्रदूषण रोखण्यासाठी अमेरिकेत 1960 च्या दशकात ही बंदिस्त व्यवस्था आली. ही स्वस्त झडप किंवा तिची नळी तुंबली, तर वायू आतच कोंडतात आणि गाळ झपाट्याने वाढतो. तरीही सर्व्हिसिंगच्या वेळी तिची आठवण क्वचितच होते.

गाळ इंजिनाला मारतो तो उपासमारीने. चेंबरच्या तळाशी पंपाची जाळी असते. सुटलेले तुकडे तिच्यावर येऊन बसले की पंपाला तेल ओढता येत नाही, दाब पडतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवरची तेलाची पातळ फिल्म तुटते. धातू धातूवर घासतो, बेअरिंगचा थर वितळतो, खोलवरून ठोक्यांचा आवाज येतो आणि शेवटी इंजिन सीज होते. तेलावर चालणारे टॅपेट आणि टायमिंग चेनचे टेन्शनर त्याआधीच खडखडू लागतात. टर्बो असेल तर बारीक नळीतून तेल मिळेनासे झाल्याने त्याचे बेअरिंग लवकर जाते. वरच्या हेडमधील परतीची भोके बुजली, तर तेल वरच साठते आणि निळा धूर दिसू लागतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा बहुतेकांना तेलाच्या पातळीचा वाटतो. तो दाबाचा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत दाब सुमारे अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो. धावत्या इंजिनाला यापेक्षा कितीतरी जास्त दाब लागत असल्याने दिवा लागेपर्यंत नुकसान झालेले असू शकते. तो दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे एवढाच उपाय उरतो. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ हा विचार बहुधा इंजिनाचा बळी घेतो.

या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते 1980 च्या दशकात. जर्मनीतील मोटारींत ‘काळा गाळ’ सापडू लागला, अमेरिकेतही तक्रारी आल्या. तेल बदलण्याची अंतरे वाढवलेली होती आणि जुन्या प्रतीच्या तेलांना तो ताण सोसवत नव्हता. त्यानंतर तेलाच्या प्रतवारीत गाळाच्या चाचण्या कडक झाल्या. या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालेल्या एका चाचणीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन मुद्दाम गारठलेल्या, रेंगाळत्या अवस्थेत 216 तास चालवत, मग सुटे करून प्रत्येक भागावरील गाळाला प्रशिक्षित परीक्षक नुसत्या डोळ्यांनी गुण देत. दहापैकी दहा म्हणजे स्वच्छ. एवढे झाल्यावर प्रश्न मिटल्यासारखा वाटला, आणि त्याच सुमारास तो मोठ्या प्रमाणावर परत आला.

सर्वांत गाजले ते टोयोटाचे प्रकरण. 1997 ते 2002 या काळातील कॅमरी, सिएना, अ‍ॅव्हलॉन, लेक्सस ईएस 300, आरएक्स 300 अशा गाड्यांतील तीन लिटरचे व्ही-6 आणि 2.2 लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, अशा सुमारे 33 लाख गाड्यांचा यात संबंध होता. भरवशासाठी नावाजलेल्या कंपनीच्या गाड्या अमेरिकेत अकाली बंद पडू लागल्या. वितरकांकडून उत्तर मिळे की मालकाने तेल वेळेवर बदलले नाही, म्हणून वॉरंटी लागू नाही. नव्या इंजिनाचा खर्च काही हजार डॉलर होता. तेल नियमाने बदलत आल्याचे अनेक मालक ठामपणे सांगत, पण अमेरिकेत बरेच जण घराच्या अंगणातच स्वतः तेल बदलतात. त्यांच्याकडे फार तर तेलाच्या डब्याची पावती असे. जुनी गाडी घेणाऱ्याकडे तीही नसे.

कंपनीने 2002 मध्ये भूमिका मवाळ केली. गाडीच्या पहिल्या विक्रीपासून आठ वर्षे, कितीही मैल झाले तरी, अशा इंजिनांची दुरुस्ती करून देण्याचे तिने जाहीर केले. मालकाने देखभालीचा वाजवी प्रयत्न केल्याचे दाखवावे, एवढी अट ठेवली. रचनेत दोष असल्याचे मात्र तिने मान्य केले नाही. टीकाकारांचे बोट इंजिनाच्या वरच्या भागातील तापमानाकडे आणि वायू बाहेर काढण्याच्या व्यवस्थेकडे होते. लुइझियाना राज्यातील न्यायालयात मालकांनी एकत्रितपणे लढवलेल्या दाव्यात 2007 मध्ये तडजोड मंजूर झाली. दरम्यान 7,500 मैलांवर तेल बदलण्याची शिफारस कंपनीने 5,000 मैलांवर आणली होती. दोष नाकारून अंतर कमी करणे यातून जे समजायचे ते ग्राहक समजलेच.

टोयोटा एकटी नव्हती. फोक्सवागन पसाट आणि ऑडी ए-4 मधील 1.8 लिटर टर्बो इंजिनात तेलाची मात्रा कमी होती आणि टर्बोची उष्णता जास्त. पंपाची जाळी तुंबण्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने 2004 मध्ये आठ वर्षांची वाढीव हमी दिली आणि ठरावीक प्रतीचे सिंथेटिक तेल वापरण्यास सांगितले. तरी वाद अमेरिकी न्यायालयात गेलाच. क्रायस्लरच्या 2.7 लिटर व्ही-6 मध्ये वेगळीच गोम होती. पाण्याचा पंप टायमिंग चेनवर फिरणारा, इंजिनाच्या आत बसवलेला. त्याचे सील गेले की कूलंट थेट तेलात मिसळे. स्वीडनच्या साबला 9-5 साठी वायुवीजनाच्या नळ्या पुन्हा आखाव्या लागल्या.

या सगळ्या प्रकरणांत चूक मालकाची की कारखान्याची, हा वाद शेवटपर्यंत राहिला. निष्काळजी मालक सगळ्याच कंपन्यांच्या वाट्याला सारखे येतात. तरी गाळ ठरावीक इंजिनांतच होत असेल, तर त्या इंजिनांना चुकीची मोकळीक फार थोडी ठेवली आहे, असाच अर्थ निघतो. शेजारच्या गाडीला एक सर्व्हिसिंग चुकले तरी खपते, या गाडीला खपत नाही. ही माहिती खरेदीच्या वेळी ग्राहकाला कोणी देत नाही, आणि बिघाड झाल्यावर पुराव्याचे ओझे मात्र त्याच्यावर येते. हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

भारतात हल्ली बहुतेक पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असे अंतर सांगितलेले असते. हिशेब किलोमीटरचा असला तरी तेल तासांवर झिजते. ताशी सरासरी 50 किलोमीटरने 10,000 किलोमीटर म्हणजे 200 तास. मुंबई-पुण्याच्या कोंडीत सरासरी 15 वर आली, तर तेच अंतर 660 तासांहून जास्त होते. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण परिस्थितीत’ तेल लवकर बदलण्याची सूचना बारीक अक्षरांत असते आणि रेंगाळती रहदारी, धूळ, छोट्या फेऱ्या हे सारे त्या व्याख्येत बसते. म्हणजे शहरातल्या बहुसंख्य गाड्या अपवादाच्या नियमाखाली येतात. अशा गाडीचे तेल किलोमीटर भरले नसले तरी वर्षाला, आणि कोंडी रोजची असेल तर सहा महिन्यांनी बदललेले बरे. बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक बाब आहे. धुराचा फिल्टर जाळून साफ करताना जादा डिझेल फवारले जाते आणि त्यातले थोडे तेलात उतरते. गेजवर तेलाची पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर ती आनंदाची बाब नव्हे. तेल पातळ झाले आहे.

गाळाची चाहूल फिलर कॅप काढून टॉर्चने आत पाहिल्यावर बरीचशी लागते. तपकिरी पातळ थर चालतो. कडेला जाड काळा थर दिसला, तर कव्हर आणि चेंबर उघडून पाहणे योग्य. झाकणाच्या आत पिवळट, सायीसारखा फेस थंडीत छोट्या फेऱ्यांनीही येतो, पण त्याबरोबर कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे लागते. फ्लशिंगच्या औषधांबाबत सावधगिरी हवी. जुना, घट्ट बसलेला गाळ एकदम सुटून जाळीवर आला, तर चालते इंजिन फ्लशनेच बंद पडू शकते. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करणे आणि नंतर दोन-तीन वेळा कमी अंतराने तेल व फिल्टर बदलणे हा संथ, पण सुरक्षित मार्ग आहे. बेअरिंग गेल्यावर मात्र काम क्रँक घासण्यापर्यंत किंवा इंजिन बदलण्यापर्यंत जाते.

वॉरंटीतील गाडी असेल तर कागद सांभाळावे लागतात: तारीख, किलोमीटर, तेलाची प्रत आणि मात्रा लिहिलेले प्रत्येक बिल. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, असे भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना बजावले होते; प्रकरण पुढे अपिलांत गेले. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. खरेदीपोटी दिलेली रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तेथे दाखल होते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.