चिंच आंबट, ॲसिड जहाल: फरक कशाचा?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "चिंचेत आम्ल, दह्यात आम्ल आणि संडास धुवायच्या बाटलीतही आम्लच. मग चिंच आपण चाखत खातो आणि ते ॲसिड हातावर पडलं तर कातडी का भाजते?" प्रश्न मोलाचा, म्हणून आज त्यावरच बोलू.

आम्लाच्या प्रत्येक कणाला हायड्रोजन गाठ मारल्यासारखा बांधलेला असतो. पाण्यात गेल्यावर ही गाठ सुटते. आंबट चव काय, कातडीची जळजळ काय, ही सगळी सुट्या झालेल्या हायड्रोजनची करणी.

आता गाठी दोन तऱ्हेच्या. सरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सहजी सुटत नाही. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल. त्यांची सरगाठ. पाण्यात पडताच हायड्रोजन मोकळा. ही तीव्र आम्लं. लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, दह्यातलं लॅक्टिक, व्हिनेगरमधलं ॲसेटिक यांची निरगाठ. व्हिनेगरमध्ये हजार कणांतले जेमतेम पाच सुटलेले असतात. ही सौम्य आम्लं.

पण सौम्य म्हणजे निर्धोक, असं समजू नका. सुटे हायड्रोजन खर्ची पडले की आणखी गाठी सुटतात. म्हणून तर कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. शिवाय पाणी किती मिसळलंय, ही गोष्ट वेगळीच. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल पाण्याशिवाय असेल तर तेही कातडी भाजतं. उलट आपल्या जठरात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लच असतं, पण ते पातळ असतं आणि जठराला आतून चिकट अस्तर असतं.

म्हणजे नुसत्या नावावरून किंवा रंगावरून धोका कळत नाही. आमच्याच वस्तीत एका घरी सुटं आणलेलं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मोरीत ठेवलं होतं. तहानलेल्या पोराने बाटली तोंडाला लावली. आजीने वेळेवर हात धरला म्हणून निभावलं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

ॲसिड त्याच्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. ब्लीचिंग पावडरमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

अंगावर उडालं तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि निदान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तरी तसंच धुवत राहा, मग दवाखाना गाठा. चुना, सोडा, टूथपेस्ट काही लावू नका.

कुणी प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका. वर येताना ते घसा पुन्हा भाजतं. तोंड धुवा आणि बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात न्या.

आज घरी गेल्यावर पहिलं काम, मोरीतली बाटली बघायची. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं, ती कुठे होती आणि आता कुठे ठेवली!