ठळक अक्षरांतला आकडा

काही रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असते. पिशवीत पाच-दहा वर्षांचे रक्ततपासणीचे अहवाल तारखेनुसार नीट लावलेले असतात. अशाच एक काकू काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला आणि प्रत्येकावर एकाच ओळीवर बोट ठेवले. प्रयोगशाळेने ती ओळ ठळक अक्षरांत छापली होती.

"डॉक्टर, मला तसं काही होत नाही हो. घरचं सगळं करते. पण हा आकडा गेली तीस वर्षं असाच आहे. माझ्या रक्तातच काही खोट आहे का?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरला महिन्यातून निदान चार वेळा तरी ऐकावा लागतो. 'संपूर्ण शरीरतपासणी'च्या योजना स्वस्त झाल्यापासून तर लक्षण नसलेला माणूसही दहा पानांचा अहवाल घेऊन येतो आणि त्यातल्या एका ठळक आकड्यापायी रात्रभर जागतो. वेदान्तात दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. अहवालांच्या बाबतीत मात्र भ्रम दोन्ही बाजूंनी होतो. दोरीला साप समजून आपण भुई धोपटतो आणि कधी खऱ्या सापाला दोरी समजून ओलांडून जातो.

आकडा ठळक का होतो?

अहवालात आकड्यापुढे 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. ती निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये आखलेली लक्ष्मणरेषा आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ही मर्यादा बहुधा निरोगी माणसांच्याच रक्तावरून ठरवलेली असते. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून तळाचे अडीच टक्के व वरचे अडीच टक्के बाजूला काढतात. मधले ९५ टक्के म्हणजे 'सामान्य'. याचा अर्थ, २० निरोगी माणसांपैकी एकाचा आकडा व्याख्येनेच मर्यादेबाहेर जाणार. एकाच निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर सर्वच्या सर्व मर्यादेत येण्याची शक्यता केवळ ३६ टक्के उरते. उरलेल्या ६४ टक्के वेळा कुठेतरी एखादा आकडा ठळक होणारच.

परंतु हे स्पष्टीकरण एकदाच घसरलेल्या आकड्याला लागू पडते. योगायोगाने बाहेर गेलेला आकडा पुन्हा तपासल्यावर बहुधा परत मर्यादेत येतो. जो आकडा महिनोन् महिने, वर्षानुवर्षे बाहेरच राहतो, त्याला योगायोग म्हणता येत नाही. त्याला कारण असते. मात्र कारण असणे आणि रोग असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ही कारणे ढोबळपणे तीन घरांत मांडता येतात : माणसाची जन्मजात घडण, नमुन्याची किंवा नळीची करामत आणि खरा रोग.

घडणच तशी

पहिल्या घराचे उत्तम उदाहरण म्हणजे गिल्बर्ट सिंड्रोम. फ्रेंच वैद्य ऑगस्तँ झिल्बेर व त्यांच्या सहकाऱ्याने १९०१ साली त्याचे वर्णन केले. यकृतात बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारे विकर या व्यक्तींमध्ये जन्मतःच थोडे कमी काम करते. परिणामी बिलिरुबिन बहुधा एक ते तीन मिलिग्रॅमच्या दरम्यान रेंगाळते. त्यातला वाढलेला भाग 'इनडायरेक्ट' असतो. यकृताची इतर विकरे सामान्य असतात आणि हिमोग्लोबिनही उत्तम असते. ताप, अतिश्रम वा उपवास घडला की आकडा आणखी चढतो. नवरात्राचे नऊ उपवास करून दहाव्या दिवशी रक्त दिलेल्या तरुणाचे डोळे पिवळसर दिसले, की घरात 'कावीळ' शब्द उच्चारला जातो. मग उसाचा रस, बिनतेलाचे जेवण, गावोगावची झाडपाल्याची औषधे यांत सहा महिने जातात आणि शेवटी आकडा तिथेच असतो.

या घडणीला औषध नाही, कारण तिची गरजच नाही. अशी माणसे इतरांइतकीच जगतात. एवढेच करावे की निदान एकदा पक्के लिहून ठेवावे व नव्या डॉक्टरांना दाखवावे. इरिनोटेकॅनसारख्या काही कर्करोगविरोधी औषधांच्या मात्रेबाबत ही नोंद पुढे मोलाची ठरू शकते.

नळीची करामत

दुसऱ्या घरातली गोष्ट डेंग्यूच्या दिवसांत हमखास घडते. ताप नाही, अंगावर डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. पण प्लेटलेट ४० हजार! पपईच्या पानांचा रस सुरू होतो, नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. काही थोड्या व्यक्तींच्या रक्तातील प्लेटलेट, नळीतल्या ईडीटीए या रसायनाच्या सान्निध्यात एकमेकींना चिकटतात. मोजणी करणारे यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून ओळखत नाही आणि आकडा खाली येतो. रक्त शरीरात ठणठणीत असते, बिघाड नळीत असतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पुंजके दिसतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला की बहुतेक वेळा उलगडा होतो.

नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढलेले दिसते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या थायरॉईडच्या काही चाचण्या फसव्या येतात. आदल्या दिवशी व्यायामशाळेत अतिरेक केला असेल, तर स्नायूंतले विकर रक्तात उतरते आणि दोष यकृताच्या माथी येतो. म्हणून आकड्यावर उपचार सुरू करण्याआधी तो आकडा कसा मिळाला, हे विचारणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

काकूंची पिशवी

आता काकूंकडे वळू. त्यांचा ठळक आकडा हिमोग्लोबिनचा होता. दहा-साडेदहा, फार तर अकरा. पहिल्या बाळंतपणापासून त्यांना 'रक्त कमी' हा शिक्का बसला होता. लोहाच्या गोळ्या, टॉनिक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सारे झाले होते. आकडा हलला नाही. सासरी "अंगाला काही लागतच नाही हिच्या" हे वाक्य त्यांनी किती वर्षे ऐकले असेल, कोण जाणे.

इथे एक कबुली देणे मला भाग आहे. त्या पिशवीतल्या चिठ्ठ्यांपैकी चार वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्याच हस्ताक्षरातल्या होत्या. दर वेळी मी ठळक ओळ पाहिली, लोह लिहिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्या दिवशी सारे कागद एका रांगेत मांडलेले पाहिले, तेव्हा प्रथमच मी ठळक नसलेल्या ओळी वाचल्या. हिमोग्लोबिन १०.८, पण तांबड्या पेशींची संख्या ५५ लाख. पेशी कमी नव्हत्या, उलट भरपूर होत्या. फक्त त्या आकाराने लहान होत्या : एम.सी.व्ही. ६३. लोह कमी पडते तेव्हा बहुधा पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात. एम.सी.व्ही.ला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागावे आणि उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचा संशय घ्यावा, असा साधा ठोकताळा मेंटझर यांनी १९७३ साली सांगितला होता. काकूंचे उत्तर साडेअकराच्या आत होते. हा भागाकार करायला अर्धे मिनिट लागते. मला चार वर्षे लागली.

फेरिटिन तपासले, लोहाचा साठा उत्तम होता. हिमोग्लोबिन ए-२ ची चाचणी केली, ते ५.२ टक्के आले. साडेतीन टक्क्यांच्या वर ते बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व सुचवते. काकूंना मी म्हटले, "काकू, तुमच्या रक्तात खोट नाही. तुमचं रक्त असंच आहे. हा रोग नव्हे, वारसा आहे. आता लोहाच्या गोळ्या बंद." त्यांनी पदराने डोळे टिपले. तीस वर्षांचा शिक्का पुसला गेला होता.

परंतु गोष्ट इथे संपत नव्हती. वारसा म्हटला की वारस आलेच. त्यांच्या मुलाचा साखरपुडा दोन महिन्यांवर होता. मुलगी त्याच्याच महाविद्यालयातली, आमच्या इंदुरातल्या एका सिंधी कुटुंबातली. भारतात सुमारे तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे, आणि मराठी घरेही त्यातून सुटलेली नाहीत. मुलाला तपासले, तो वाहक निघाला. मुलीने स्वतःहून रक्त दिले. तीही वाहक निघाली.

दोन्ही घरची वडीलधारी मंडळी एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात बसली. मुलीच्या वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, लग्न मोडायचं का?" मी कागदावर चौकट काढून दाखवली. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता पूर्णतः मुक्त अपत्याची, ५० टक्के आईबापांसारख्या वाहकाची आणि २५ टक्के थॅलेसेमिया मेजरची. मेजर असलेले मूल जन्मतः निरोगी दिसते. पुढे पहिल्या-दुसऱ्या वर्षात ते फिकट पडू लागते आणि मग साधारण दर तीन-चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त द्यावे लागते, साठणारे लोह बाहेर काढणारी औषधेही घ्यावी लागतात. "लग्न मोडण्याचं कारण यात नाही," मी म्हणालो, "पण डोळे झाकून बसण्याचंही नाही. निर्णय या दोघांचा आहे." काकूंचा मुलगा एवढेच म्हणाला, "आम्हाला आधी कळलं, हेच पुष्कळ आहे."

लग्न झाले. पुढे गर्भारपणाच्या बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची जनुकीय तपासणी करून घेतली. अहवाल येईपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले, ते मी पाहिले आहे. बाळ वाहक होते, आजीसारखेच. ती मुलगी आता शाळेत जाते. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'वाहक. तपासल्याशिवाय लोह देऊ नये.'

साप कोणता?

काकूंची गोष्ट वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की रेंगाळणारा आकडा नेहमीच निरुपद्रवी असतो. पन्नाशीनंतर पुरुषाच्या रक्तातले लोह घटत असेल, तर टॉनिक लिहिण्याआधी रक्त कुठून जाते आहे ते शोधलेच पाहिजे. मोठ्या आतड्याचा कर्करोग कित्येकदा एवढीच खूण देतो. वृक्काचा गाळणीदर ६० च्या खाली तीन महिने राहिला, तर तो दीर्घकालीन वृक्कविकार ठरतो; इथे 'सातत्य' हीच रोगाची व्याख्या आहे. लिम्फोसाइट वाढलेलेच राहणे, कॅल्शियम वारंवार जास्त येणे, वृद्ध रुग्णात उंच ईएसआरसोबत हाडांचे दुखणे व रक्ताची कमतरता असणे, या खुणा दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. उलट टी.एस.एच. चार ते दहाच्या दरम्यान असेल आणि टी-४ सामान्य असेल, तर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहण्याइतका धीर धरता येतो. गर्भवती स्त्रिया मात्र याला अपवाद.

व्यवसायबंधूंना एक सूचना करावीशी वाटते. वाहकत्व आणि लोहाची कमतरता एकाच व्यक्तीत नांदू शकतात आणि लोह कमी असताना ए-२ चा आकडा खाली येऊन निदान हुकू शकते. म्हणून फेरिटिन आधी पाहावे. तसेच आपल्या प्रदेशात सिकलसेलचेही वाहक आहेत. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाली. सिकलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या विवाहातही प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो.

आणि वाचकांना विनंती ही, की शेजारणीचा सल्ला आणि तिसऱ्या प्रयोगशाळेतला चौथा अहवाल यांत समाधान शोधू नका. आपले जुने सारे अहवाल जपा आणि एकाच डॉक्टरांसमोर एका रांगेत मांडा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सारख्याच परिस्थितीत तपासणी करा. मग तीन प्रश्न विचारा : हा आकडा बदलतो आहे की स्थिर आहे? तो असा का आहे? आणि माझ्या मुलाबाळांना त्याचा काही अर्थ आहे का? डॉक्टरांना उत्तर ठाऊक नसेल, तर ते शोधतील. पण प्रश्न विचारला गेला पाहिजे.

काकू अजूनही वर्षातून एकदा येतात. पिशवी आता बरीच हलकी झाली आहे. मागच्या खेपेस त्यांनी नवा अहवाल पुढे सरकवला आणि हसून म्हणाल्या, "बघा डॉक्टर, माझा आकडा अजून ठळकच आहे." मी तो कागद घेतला, आणि सगळ्या ओळी वाचल्या.