लाखेचे बीज

हैदराबादच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्या आपल्या लेकीसुनांच्या हातांत शोभतात. परंतु ती लाख देणाऱ्या किड्याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. खसखशीच्या दाण्याहूनही लहान असे त्याचे पिलू कोवळ्या डहाळीत सोंड रोवून रस शोषते आणि अंगाभोवती राळेचे कवच रचते. तीच लाख. देशातील बहुतेक लाख झारखंड, छत्तीसगढ व मध्य प्रदेश येथील रानांतून येते.

झाड बदलले की लाखही बदलते. पळस व बोर यांवर ‘रंगीनी’ किडा पोसतो. कोशिंबावरील ‘कुसमी’ लाख फिक्या रंगाची, म्हणून अधिक मोलाची. मात्र कोशिंब छाटल्यावर त्यास सुमारे 18 महिने विसावा द्यावा लागतो. कुसमी किडा बोरीवरही चांगले हिवाळी पीक देतो, ही त्यातल्या त्यात सोय!

खरी चिंता आहे ती बीजाची. पिले बाहेर पडण्यापूर्वीच कापलेल्या लाखेस ‘अरी’ म्हणतात. उन्हाळ्यात पैशाची निकड असलेला आदिवासी शेतकरी ती विकतो. त्यास दोष तरी कसा द्यावा? पण सारीच झाडे अशी कापली गेली, तर पावसाळ्यात फांद्यांवर बांधावयास जिवंत बीज उरत नाही. म्हणून बोरीवरील उन्हाळी लाख कच्ची काढावी व पळसावरील पिकू द्यावी, ही वाटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. पिले निघून गेल्यावर बीजाची रिकामी काडीही तीन आठवड्यांच्या आत उतरवावी लागते. नाहीतर तीत दडलेले शत्रुकीटक नव्या पिकावर पसरतात.