डिप्लोमानंतर इंजिनीअरिंग: आंदर मावळातल्या मुलांसाठी डायरेक्ट सेकंड इयरची वाट

दहावीचा निकाल लागला की टाकवे, कान्हे, कामशेत भागातल्या आपल्या घरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. अकरावी सायन्स घ्यायचं की डिप्लोमा? आणि तीन वर्षांनी डिप्लोमा संपला की दुसरी चर्चा. अब्बा म्हणतात, "तळेगाव-चाकणला कंपन्या आहेत, मुलगा कामाला लागला तर घराला हातभार होईल." मुलगी असेल तर म्हणतात, "झालं तेवढं पुरे." या दोन्ही चर्चांमध्ये एक महत्त्वाची माहिती बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. ती सांगावी म्हणून हा लेख.

एकही वर्ष वाया जात नाही

डिप्लोमा पास झालेल्या मुलाला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांच्या पदवीत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. यालाच सगळे डायरेक्ट सेकंड इयर म्हणतात. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून मुलं पुढे विद्यापीठात जातात, त्यातलाच हा प्रकार.

आता हिशोब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनीअरिंगची चार, म्हणजे दहावीनंतर सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन, तरीही सहाच. शिवाय या वाटेने गेलेल्या मुलाला सीईटी द्यावी लागत नाही, आणि मध्येच अडचण आली तरी हातात डिप्लोमा असतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी तांत्रिक शब्दांची सवय व्हायला तीन वर्षं मिळतात, हा आणखी एक फायदा.

आयटीआय केलेल्यांनाही वाट बंद नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि तिथून पुढे पदवी.

प्रवेश कसा होतो?

खुल्या वर्गासाठी डिप्लोमात किमान 45 टक्के, मागास प्रवर्गासाठी 40 टक्के लागतात. पण ही फक्त पात्रता झाली. खरी स्पर्धा गुणवत्ता यादीत असते. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या 10 टक्के जागा जादा असतात, आणि पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात. नावाजलेल्या कॉलेजात रिकाम्या जागा फारशा राहत नाहीत, म्हणून तिथे चुरस जास्त. "पास होतोय ना, बास झालं" असं म्हणून शेवटचं वर्ष सोडून देऊ नका.

फॉर्म राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. परीक्षा नसली तरी प्रवेश तिथूनच होतो. कॉलेजांचा पसंतीक्रम घाईत भरू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर तीच जागा अंतिम होते. म्हणून खरंच जिथे जायचं आहे तेच नाव पहिलं टाका.

कुसूर, खांडपासून टाकवे आणि पुढे कान्हे स्टेशन गाठण्यातच मुलांचा बराच वेळ जातो. त्यामुळे कॉलेज निवडताना लोकलचाही विचार करा. तळेगाव, आकुर्डी, निगडी, लोणावळ्याजवळचं कुसगाव इथे इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. गुण चांगले असतील तर शिवाजीनगरच्या सीओईपीचं नाव यादीत टाकायला घाबरू नका. बाहेर राहायची तयारी असेल तर भायखळ्याचं साबू सिद्दीक आणि नवीन पनवेलचं काळसेकर, या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थांमध्ये मुस्लिम अल्पसंख्याक कोटाही असतो.

मुलं अडतात ती कागदांवर

अभ्यासात हुशार असलेलं मूल कागदासाठी अडतं, हे आपल्या समाजात फार होतं. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमिन अशा बऱ्याच बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं, जात लिहिलेलीच नसते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून दादा-परदादांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचे जुने कागद आत्तापासून शोधा. जातीचा दाखला, मग जात पडताळणी, आणि नॉन-क्रिमीलेअर, या सगळ्याला महिने लागतात. फॉर्म सुटल्यावर वडगावच्या तहसीलला धावून काही होत नाही.

जी घरं ओबीसीत येत नाहीत, त्यांनी उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो मुस्लिम कुटुंबांनाही मिळतो.

फीचं काय?

2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. अट एवढीच की प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणजे "मुलीच्या फीला पैसे कुठून आणायचे?" या प्रश्नाचं मोठं ओझं कमी झालं आहे. उरतो तो प्रवासाचा, वह्या-पुस्तकांचा खर्च. मुलांसाठी महाडीबीटीवर शुल्क प्रतिपूर्ती आणि राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

आधीच सांगितलेलं बरं

दुसऱ्या वर्षाचं गणित डिप्लोमाच्या मुलांना जड जातं, कारण बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षी केलेलं गणित यांनी केलेलं नसतं. त्यात प्रवेश उशिरा होतात, वर्ग कधी कधी आधीच सुरू झालेले असतात. म्हणून डिप्लोमाची शेवटची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधले दिवस गणिताला द्या. प्रॅक्टिकलमध्ये मात्र हीच मुलं पुढे असतात.

घरची गरज खरी असते, नोकरी घेणाऱ्याला आम्ही चुकीचं म्हणत नाही. पण फॉर्म भरायच्या आधीच "आपल्याला जमणार नाही" असं ठरवू नका. ज्यांच्या घरी मूल यंदा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडावी आणि दादांचा शाळेचा दाखला आहे का ते पाहावं.