चिमुकल्या रुळांचा हिशेब
रेल्वेचे डबे बांधणारा, १९५५ साली उभा राहिलेला पेरांबूरचा सरकारी कारखाना ज्याच्या शेजारी आहे आणि ज्याच्या औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकी कारखान्यांची दाटी आहे, त्या चेन्नईतील अंबत्तूरच्या शौकिनासही रेल्वेची प्रतिकृती बहुधा परदेशातूनच मागवावी लागते. आणि तिच्यावरील मूळ आयातजकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. खरी मेख रुळांत आहे: १:८७ प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा रुंदमापी मार्ग सुमारे १९.३ मिलिमीटर भरतो, बाजारात मिळतो तो १६.५ चा. शिवाय साच्याचा खर्च हजारो नगांवर विभागल्यावाचून कारखानदारास परवडत नाही, आणि गिऱ्हाईक तर मूठभर. पुण्याला कोथरुडात जोशी संग्रहालयात १९९८ पासून ही हौस तिकीट काढून पाहता येते; विकत घेणे निराळे.